तिठ्यावर परत या

सरांचा शर्ट उलटा दिसला की कॉलेजातल्या पोरांना कळायचं, आज वेबसाईटचं काम आहे.

उलटा म्हणजे खरोखरच उलटा. शिवण बाहेर, खिसा आत. खिसा आत गेल्यामुळे पेन कानावर. बाकीच्या दिवशी हेच सर कडक इस्त्रीत यायचे, भूगोल शिकवायचे आणि फळ्यावर खडूच्या एका फटक्यात सबंध किनारपट्टी काढून दाखवायचे. पण वेबसाईटच्या दिवशी त्यांचा अवतार बघून मला पहिल्यांदा वाटलं, बिचाऱ्यांनी सकाळी घाईत घातला असेल. मी नवीन होते, घाटावरची होते आणि दुसऱ्याच्या कपड्यांबद्दल गप्प बसायचं वळण मला घरी लागलेलं नव्हतं. मी आमच्या शिपाईमामांना विचारलं, "मामा, सरांना कुणी सांगत का नाही?"

"सांगूचा काय? चकव्यासाठी घालतत ते."

माळावर किंवा रानात ओळखीची वाट सोडून माणूस फिरफिरून त्याच जागी येत राहतो, त्याला चकवा लागला म्हणतात. अंगातला कपडा उलटा करून घातला की चकवा सुटतो अशी समजूत आहे. हे मलाही ऐकून माहीत होतं. मी म्हटलं, "अहो, पण सर तर लॅबमध्ये खुर्चीवर बसून काम करतात."

"बसतत खुर्चेर," मामा म्हणाले, "पण जातत खंय?"

मामा घंटा द्यायला निघून गेले.

मी तिथे तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला गेले होते. नांदगाव स्टेशनला उतरून, एसटीने तळेऱ्याला. तिथून देवगडच्या रस्त्याने आत गेलं की सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट, उघडंबोडकं पठार. झाड नाही, सावली नाही, खूण म्हणून धरावं असं काही नाही. आमचं कॉलेज त्या सड्याच्या एका कडेला, आणि सरांचं घर दुसऱ्या कडेवरून घाटी उतरून खाली, माडांत. त्याच घराची पडवीची खोली मला राहायला मिळाली होती. सर लग्न न केलेले. थोरले भाऊ वारलेले. घरात त्यांच्या वहिनी आणि ते. सर त्यांना वैनी म्हणायचे, म्हणून मीही वैनी म्हणायला लागले.

सर मला आणायला तळेऱ्याला आले होते, तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे दोन बॅगा आणि एक वळकटी. सरांना रस्त्यापलीकडच्या दुकानातून वैनींसाठी काहीतरी घ्यायचं होतं. मी म्हटलं, "तुम्ही या घेऊन, मी सामानाशी थांबते."

"थांबायचं नाही," सर म्हणाले. "चला माझ्याबरोबर."

"सर, एवढं ओझं घेऊन?"

"मी घेतो ओझं. पण तुम्ही चला."

आणि खरंच त्यांनी दोन्ही बॅगा उचलल्या, वळकटी काखेत मारली आणि ते सगळं लटांबर घेऊन आम्ही पलीकडे जाऊन शेंगदाण्याचं तेल घेऊन आलो. मला हसू आलं आणि रागही आला. पुढे कळलं, हे सगळ्यांशीच. पोस्टात, बँकेत, प्राचार्यांच्या केबिनपर्यंत, बरोबरच्या माणसाला ते ओढत न्यायचे. "जरा थांब, आलोच," हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदा कॉलेज तपासायला आलेल्या एका पाहुण्यांना ते बोलता बोलता मुतारीच्या दारापर्यंत घेऊन गेले होते, असं स्टाफरूममध्ये चवीने सांगितलं जाई.

दुसरी खोड हजेरीची. सर गैरहजर मुलापुढे फुली मारत नसत, बारीक टिंब देत. मुलं ओरडायची, "सर, तो आलेला नाही!" सर म्हणायचे, "वाटेवर आहे." मुलगा मुंबईला काकाकडे जाऊन महिना झालेला असायचा. तरी वाटेवर. स्टाफरूममधली कात्री हरवली तरी तेच. आम्ही सगळे टेबलं पालथी घालून म्हणायचो, नाही बुवा सापडत. सरांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी अभद्र बोललं. "सापडत नाही म्हणू नका. अजून यायची आहे, असं म्हणा." कात्री कधीच आली नाही, ते सोडा.

तर वेबसाईट. प्रत्येक कॉलेजची वेबसाईट हवी असं वरून पत्र आलं, तेव्हा प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण करेल? सगळे छताच्या पंख्याकडे बघायला लागले. सरांनी हात वर केला. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला भूगोलाचा माणूस, ज्याने तोवर माऊस धरलेला नव्हता. "वाटा काढायच्या आहेत ना," ते म्हणाले, "मग ते माझंच काम." कणकवलीला जाऊन ते शिकून आले आणि मला इंग्रजी मजकुरासाठी हाताशी धरलं.

कामाला हात लावण्यापूर्वी त्यांनी लॅबमध्ये गाऱ्हाणं घातलं. कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवला, आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि देवळात घालतात तशा खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ह्या कॉलेजाच्या वेबसायटीचा काम हाती घेतलेला आसा, रे म्हाराजा!" मामांनी मागून दणक्यात साथ दिली, "व्हय म्हाराजा!" "तिच्यात येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट सुखरूप कर. कोणाचो वाकडोतिकडो पाय पडलो तर सरळ कर. भायर पडलेल्याक घराक आणून पोचव, रे म्हाराजा!" प्राचार्य शास्त्र शाखेचे, कोल्हापूरकडचे. पण तेही हळूच "व्हय म्हाराजा" म्हणाले. आजूबाजूला सगळे म्हणत असताना गप्प राहणं फार कठीण असतं, हे मी स्वतःवरून सांगते.

ती वेबसाईट तयार झाली, आणि तिच्यात शिरलेला माणूस रडकुंडीला यायला लागला.

सरांनी ती गावासारखी मांडली होती. पहिल्या पानाला नाव तिठा, कारण तीन रस्ते जिथे मिळतात तिथूनच गाव सुरू होतो. तिठ्यावर वडाचं झाड. तिथून डावीकडे ऑफिस, त्याच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या मामांचा फोटो, उजवीकडे वर्ग, आणि सरळ गेलं की घाटी. घाटी चढून वर लायब्ररी, पलीकडे उतरून बंदर. कलाशाखेतून वाणिज्यला थेट जाता यायचं नाही, कारण प्रत्यक्षात मधे भिंत होती. खाली उतरून तिठ्यावर यायचं आणि पुन्हा चढायचं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तो वड असायचा आणि त्याखाली लिहिलेलं असायचं, तिठ्यावर परत या. मी म्हटलं, "सर, लोकांना एका झटक्यात हवं ते मिळालं पाहिजे." ते म्हणाले, "झटक्यात गेलेल्या माणसाला परत येता येत नाही, मॅडम. त्याने वाट बघितलेलीच नसते."

आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमाराला मुंबईहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. गावी येताना त्याला दाखला हवा होता आणि अर्ज वेबसाईटवर आहे असं कुणी तरी त्याला सांगितलं होतं. तो इतका तापलेला होता की रिसीव्हरमधून मला पलीकडच्या टेबलाशी ऐकू येत होतं.

"सर, मी मगासपासून फिरतंय तुमच्या वेबसायटीत! अर्ज खंय आसा?"

सरांनी डोळे मिटले. "आत्ता खंय आसस?"

"काय म्हायत! समुद्राचो फोटो दिसता."

"मगे तू बंदरार गेलंस. चुकलंस. घाबरू नको. डाव्या हाताक वर वड दिसता?"

"दिसता."

"तेच्यार दाब. हां, इलंस तिठ्यार. आता घाटी चढू नको, सरळ डावीकडे वळ. मामा स्टुलार बसलेले दिसतले."

"दिसले! मामा दिसले!" त्या माणसाचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"तेंच्या पाठी दार आसा. जा आत. फोन ठेवू नको. पोचलंय म्हणान सांग."

"पोचलंय सर."

सरांनी रिसीव्हर ठेवला आणि ते उठून व्हरांड्यात गेले, ते तासाची घंटा झाली तरी आत आले नाहीत. एका दाखल्याच्या अर्जासाठी माणसाने एवढं हलून जावं याचं मला नवल वाटलं.

आणि मग ते पान. कुणी पत्ता चुकीचा टाकला किंवा एखादी वाट मोडलेली असली, की कुठल्याही वेबसाईटवर एक ठरलेलं वाक्य येतं, पान सापडले नाही. आमच्याकडे ते वाक्य नव्हतं. सरांनी ते लिहू दिलं नाही. त्याऐवजी एक पान उघडायचं, सबंध करडं, वर एक अक्षर नाही. वड नाही, तिठा नाही. नुसता एक पांढरा ठिपका. तो दाबला की करडेपण जरा सरकायचं आणि थोडं पुढे दुसरा ठिपका दिसायचा, तो दाबला की तिसरा. असं करत करत शेवटी तिठा. काहीच न दाबता बसून राहिलात, तर ते पान मिनिटामिनिटाला आपोआप नव्याने उघडायचं आणि धुकं हलल्यासारखं वाटायचं.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा भर दुपार होती, बाहेर पाऊस आणि लॅबमध्ये मुलं. तरीही माझ्या मानेवर काटा आला. कारण मी ते ठिपके ओळखले. कॉलेजातून घरी जाताना सड्यावरच्या वाटेने ठरावीक अंतरावर चुन्याने रंगवलेले दगड होते. दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, सर बादलीत चुना कालवून एकटे सड्यावर जायचे आणि ते दगड पुन्हा पांढरे करून यायचे. ग्रामपंचायतीचं काम हे का करतात, असं मी वैनींना विचारलं होतं. वैनी कोकमं फोडत होत्या. त्यांनी पुढची टोपली जवळ ओढली.

वैनींबद्दल एक सांगायचं राहिलं. बाहेरून आलेल्या माणसाने पायावर पाणी घेऊन घरात यायचं, ही तिकडची रीत. वैनी तिन्हीसांजेच्या आधी खळ्यात, म्हणजे अंगणात, पायरीशी तांब्ये भरून ठेवायच्या. पहिल्याच दिवशी मी आले तर दोन तांब्ये. एक सरांनी घेतला, दुसरा मी उचलला आणि पाय धुतले. वैनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, तो तांब्या पुन्हा भरून आणला आणि होता तिथेच ठेवला. मग हलकेच म्हणाल्या, "ह्यो नको घेव हां गो बाय. तुजो येगळो ठेवतंय."

दुसऱ्या दिवसापासून तीन तांब्ये. तिसऱ्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी वैनी तो तुळशीत रिकामा करायच्या.

वर्ष-दीड वर्षाने, एका संध्याकाळी सर देवळात गेलेले असताना, मी सरळ विचारलं. तोवर मी त्या घरची झाले होते.

"तेव्हा मी ह्या घरात येवक नव्हतंय," वैनी म्हणाल्या. "सासूबायनी सांगलेला सांगतंय. भावजी तेव्हा लहान, शाळेत जाणारे. तेंका धाकटी भैण होती. दोगांव मामाकडना येत होती, सड्यावरना. धुकां पडला. वाट गावाना. भावजींनी चेडवाक सांगितल्यानी, हंयच रव, हलू नको, मी वाट बघून येतंय."

वैनींनी दाराबाहेर, तिसऱ्या तांब्याकडे बघितलं.

"आणि भावजींकाच चकवो लागलो. फिरान फिरान तिनसांजेक घराकडे पोचले, ते एकटेच. सगळो गाव गेलो कंदील घेवन. जागा खंयची, ताच तेंका सांगूक येयना. सगळो सडो सारखोच." वैनींनी पदराने कपाळ पुसलं. "गावाक नाय. चेंबूक नाय, कापाड नाय, कायच नाय. सासूबाय मरेपर्यंत रोज एक तांब्यो ज्यास्त ठेवी. जाताना माझ्या हातात दिल्यान. मी ठेवतंय."

गावाक नाय म्हणजे सापडली नाही. चेंबू म्हणजे लहान तांब्या. पोरीच्या हातात मामीने पाण्यासाठी दिलेला होता म्हणे.

त्या दिवसापासून मी सरांची टिंगल करणं सोडलं. खरं सांगायचं तर मला त्यांची भीतीही वाटायला लागली. एवढी वर्षं एक वाक्य पोटात धरून माणूस फळ्यावर हसत हसत किनारपट्टी काढतो, हे मला झेपत नव्हतं.

ती वेबसाईट आता नाही. पुण्याच्या कुणी तरी नवी करून दिली आहे, चकचकीत. सरही आता नाहीत. पण ते करडं पान नव्या लोकांनी काढलं नाही. ते त्याआधीच सरांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं, आणि त्याजागी तेच ठरलेलं वाक्य टाकायला त्यांनी मला सांगितलं होतं. ते टाईप करताना माझी बोटं अडखळली. सर मागे उभे होते. शर्ट सरळ होता. "लिहा," ते म्हणाले. "आता चालेल." हे कसं घडलं, ते सांगण्यासाठीच मी एवढं मागून पुढून लिहिते आहे.

कॉलेजला तपासणी समिती येणार होती. समिती वेबसाईट बघणार म्हणून प्राचार्य घाबरले होते, आणि ते चुकीचं नव्हतं. आमच्या वेबसाईटमध्ये शिरलेली समिती परत बाहेर पडली नसती. त्यांनी सरांना बोलावलं आणि म्हणाले, "बाकी राहू द्या सर, पण ते भुताचं पान काढा. साधं लिहा, पान सापडले नाही."

"ते नाही लिहिणार," सर म्हणाले.

"का पण?"

"एकदा लिहिलं की शोधायचं थांबतं."

प्राचार्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली. त्यांनी सरांना आठवडाभराची मुदत दिली. नाहीतर ते स्वतः पान काढणार होते. त्या आठवड्यात सर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. वैनी ताट वाढायच्या आणि तसंच उचलायच्या. "ता पान काय आसा गो?" त्यांनी मला विचारलं. मी समजावून सांगितलं, धुकं आहे, पांढरे दगड आहेत, आणि चुकलेला माणूस तिथे येतो. वैनी म्हणाल्या, "आणि ता काढूक सांगतत?"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी प्राचार्यांनी वेबसाईट सांभाळणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. समितीला सांगायला किती लोक वेबसाईट बघतात ते हवं होतं. तो म्हणाला, फारसं कुणी बघत नाही, पण एक पान रोज उघडं असतं. करडं. रोज तिन्हीसांजेला कुणी तरी ते उघडतं, काहीही दाबत नाही, अंधार पडेपर्यंत नुसतं तसंच ठेवतं. पान आपोआप नव्याने उघडतं ना, म्हणून इकडे दिसतं. आणि ते तुमच्याच कॉलेजच्या लाईनवरून येतंय.

प्राचार्यांचा पारा चढला. लॅब पाचला बंद होते, किल्ली मामांकडे. त्यांनी आम्हा तिघांना थांबवून घेतलं, मला, सरांना, मामांना. "कोण बसतं ते आज बघूच."

संध्याकाळ झाली. सड्यावरून धुकं उतरायला लागलं होतं, पाऊस नव्हता. कॉलेजात मोबाईलला रेंज फक्त व्हरांड्याच्या टोकाला, लॅबच्या दाराशी. प्राचार्यांनी तिथे उभं राहून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. लॅबला बाहेरून कुलूप. मामांनी मेन स्विच दाखवला, खाली केलेला.

"आत्ता आहे का हो कुणी?"

"आहे की," फोनवरचा माणूस म्हणाला. "आत्ताच उघडलंय."

प्राचार्यांनी मामांना कुलूप काढायला लावलं. मामांची किल्ली दोनदा कुलपाच्या बाजूला लागली. दार उघडलं. आत गार हवा. सगळे कॉम्प्युटर कापडी खोळीत झाकलेले, एकाही दिव्याची ठिणगी नाही, मोडेमचा हिरवा डोळासुद्धा मिटलेला. प्राचार्यांनी खोळी एकेक करून उचलून बघितल्या. काळे पडदे. "इथे तर काही चालू नाही," ते फोनमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज आता तापलेला नव्हता.

"अहो, आहे. अजून आहे."

यंत्रांत काय चुका होतात ते मला माहीत आहे. आकडे चुकतात, लाईनी एकमेकींत मिसळतात, कंपनीच्या माणसांना काहीही दिसतं. तेव्हाही मी मनात हेच म्हणत होते. म्हणताना माझे दात वाजत होते.

सरांनी हात पुढे करून फोन मागितला. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "ते जे कोणी आहे, त्याने एखादा दगड दाबला का? एक तरी?"

"दगड? ते ठिपके का? नाही. काहीच हलवलेलं नाही. नुसतं थांबून आहे."

"रोज असंच?"

"रोज असंच."

सरांनी फोन प्राचार्यांच्या हातात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही, आणि पाहू नये. ते लॅबच्या दारात गेले. आतल्या अंधाराकडे तोंड करून उभे राहिले. आमच्याशी ते नेहमी ऑफिसातली मराठी बोलायचे. आता ते बोलले ते घरातलं.

"बाय गो. हलू नको म्हणान मीच सांगलंय होतंय. तू रवलंस. माझीच वाट चुकली गो. आता इलंय मी. आता चल."

मग ते वळले. आमच्याकडे नाही, बाहेरच्या पायरीकडे. उजवा हात त्यांनी किंचित मागे धरला होता, खाली, पंजा उघडा.

प्राचार्यांच्या हातातला फोन म्हणाला, "गेलं बघा. बंद झालं."

मामांनी दोन्ही हात जोडले होते. सर चालायला लागले होते. मला घरी जायचं तर तीच वाट होती, आणि तिथे मामांबरोबर मागे उभं राहण्याची माझी हिंमत नव्हती. मी धावत सरांना गाठलं. ते मागे न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढे चाला. मागे नका येऊ. आणि वळून बघू नका." चुकलेल्याला घरी आणणारा राखणदार, म्हणजे गावची राखण करणारा देव, पुढे चालतो आणि त्याच्यामागून येणाऱ्याच्या आड कुणी यायचं नसतं, असं तिकडे मानतात. मी पुढे झाले.

धुक्यात सड्यावर पांढऱ्या दगडांखेरीज काही दिसत नव्हतं. एक दगड मागे पडला की पुढचा दिसायचा. माझ्या मागे सरांच्या चपलांचा आवाज येत होता, पण ती त्यांची नेहमीची चाल नव्हती. सर ढांगा टाकत चालायचे. आता ते हळू चालत होते, अगदी हळू, मधे मधे थांबत, लहान पावलाला बरोबर ठेवावं तसे. दुसरा काही आवाज होता का, असं मला खूप जणांनी विचारलं आहे. मी चालताना आपल्याच तोंडाने मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होते. मला काहीही ऐकू यायला नको होतं.

घाटी उतरलो. खळ्यात उजेड होता. वैनी पायरीवर बसलेल्या होत्या, तीन तांब्ये ओळीने भरलेले. मी माझा घेतला, कसेतरी पाय धुतले आणि पडवीत जाऊन खांबाला धरून उभी राहिले. मग वळून बघितलं. खळ्यात फक्त सर होते. त्यांचा उजवा हात अजून तसाच होता.

त्यांनी स्वतःचा तांब्या उचलला नाही. ते वैनींकडे बघून एवढंच म्हणाले, "वैनी, पाणी."

वैनींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या हाताकडे बघितलं. त्या उठल्या, तिसरा तांब्या घेतला आणि सरांच्या उजव्या बाजूला, रिकाम्या जागेपुढे, गुडघे जमिनीला टेकून बसल्या. तांब्या त्यांनी अगदी खाली धरला, लहान पोराच्या पायांवर ओततात तसा, धार बारीक करून, आधी एक आणि मग दुसरा. दुसऱ्या हाताने त्या जमिनीलगत काहीतरी चोळून पुसत होत्या.

"इलंस गो बाय?" त्या म्हणाल्या. "माती बघ किती लागली."